झोपायच्या खोलीचा जुना शब्द

१

दाराबाहेरचा लाल दिवा अजून जळत होता, पण आत माईंचा आवाज थांबून बराच वेळ झाला होता. सूनबाई कॉफीचा कप हातात धरून दाराशी घुटमळली. दिवा लागलेला असताना दार उघडायचं नाही, टकटकसुद्धा करायची नाही, हा त्या घरातला एकच कडक नियम होता. माई आत बसून शब्द रेकॉर्ड करत असत, आणि बाहेर साधा चमचा पडला तरी त्यांना सगळं पुन्हा म्हणावं लागे.

कॉफीवर साय धरायला लागली तेव्हा तिने मनाचा हिय्या करून दार ढकललं.

माई पलंगावर उताण्या होत्या. चष्मा टेबलावर, हेडफोन कॉम्प्युटरला लावून नीट गुंडाळून ठेवलेला. डोळे अर्धवट उघडे. भिंतींना आवाज शोषून घेण्यासाठी जाड रजया टांगल्या होत्या, त्यामुळे त्या खोलीत कायमच कानात बोळे घातल्यासारखं वाटे. सूनबाईने हाक मारली, तर तिची हाक तिलाच कुणीतरी गिळून टाकल्यासारखी ऐकू आली. तिने माईंचा खांदा हलवला आणि त्यांची मान एका बाजूला कलंडली.

शेजारच्या खोलीतून कप्तानकाका आले. माईंचे ते धाकटे दीर. आयुष्यभर जहाजावर होते, त्यामुळे सगळा गाव त्यांना कप्तान म्हणे. वहिनींना बघून ते खुर्चीत बसले ते उठेचनात. मग सूनबाईने माईंच्या पट्टशिष्याला फोन केला. तो जवळच राहायचा आणि संध्याकाळीच इथून गेला होता. धावतपळत आला. "मला दोन मिनिटं माईंजवळ बसू द्या. तुम्ही डॉक्टरांना बोलवा," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. सूनबाई कप्तानकाकांना हाताला धरून बाहेर घेऊन गेली.

घरचे डॉक्टर आधी म्हणाले, हृदय बंद पडलं असेल, वय झालं होतं. मग त्यांनी माईंची पापणी वर केली, बॅटरी मारून बघितलं, मग दुसरीही. आतल्या बाजूला बारीक लाल ठिपके होते, श्वास कोंडला की उमटतात तसे.

"ही उशी कुणी हलवू नका," ते म्हणाले. "आणि पोलिसांना फोन करा."

२

इन्स्पेक्टर अंगाने आडवा आणि बोलायला संथ होता. समोरच्याचं बोलून झालं तरी तो थोडा वेळ गप्प राही, त्यामुळे समोरच्याला आणखी काहीतरी बोलावंसं वाटे.

त्याने आधी कोशाचं समजून घेतलं. माईंनी जन्मभर प्राचीन ग्रीक शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या मनाने घेतलं, की रोजच्या वापरातल्या इंग्रजी शब्दांचा एक कोश करायचा. एका रकान्यात इंग्रजी शब्द, दुसऱ्यात आजचे ग्रीक लोक काय म्हणतात ते, तिसऱ्यात हजारो वर्षांपूर्वीचे काय म्हणत ते. आजचं ग्रीक कप्तानकाकांचं. ते त्यांनी बंदरांवरच्या खानावळींत आणि दुरुस्तीच्या गोद्यांमध्ये उचललं होतं, सुरुवात शिव्यांपासून केली होती. जुनं ग्रीक माईंचं. जुन्या शब्दांचे आधार तपासायचे आणि रेकॉर्डिंग साफ करायचं काम पट्टशिष्याकडे. तो आता विद्यापीठात प्राध्यापक होता. आणि चित्रं सूनबाईची. मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढणं हा तिचा व्यवसायच होता. नवरा समुद्रातल्या तेलविहिरीवर कामाला, तो दोन-दोन महिने घरी नसे. मग ती माईंच्या खोलीबाहेरच्या टेबलावर चित्रं काढत बसे आणि दारातून झिरपणारे शब्द ऐके. पाण्याला आताचे लोक नेरो म्हणतात, जुने हुदोर म्हणत. पावाला आता प्सोमी, तेव्हा आर्तॉस. लग्न होऊन आली तेव्हा माई तिला तुसड्या वाटल्या होत्या. पण एकदा तिने नकळत गुणगुणल्यासारखं 'हुदोर, हुदोर' म्हटलं आणि माई दारात येऊन उभ्या राहिल्या. "तुझा कान चांगला आहे गं," म्हणाल्या. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

"त्या संध्याकाळी काय झालं?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"सर दुपारी आले होते. म्हणजे माईंचे विद्यार्थी. दोघं आत बोलत होते. मग ते बाहेर आले, माझ्या टेबलापाशी थांबले. माझ्या मिस्टरांना सुट्टी कधी, चित्रं कुठवर आली, असं बरंच बोलत होते. तेवढ्यात आतून माईंचा आवाज सुरू झाला. सर हसून म्हणाले, 'घ्या, सुरू झाल्या माई.' आणि गेले. मी बाहेरच्या दाराला कडी घातली."

"नंतर कुणी आलं?"

"नाही."

"म्हणजे माई जिवंत असताना ते गेले. कप्तानांनाही रजयांतून नुसती गुणगुण ऐकू आली म्हणे. आणि त्यानंतर घरात फक्त तुम्ही आणि कप्तान."

सूनबाईला कप्तानकाकांची खोली आठवली. माईंच्या आणि कप्तानकाकांच्या खोल्यांमध्ये एक आतलं दार होतं. त्याला कधीच कडी नसे.

"काय ऐकलंत, आठवतं?"

तिने डोळे मिटले. "घरातले शब्द होते. प्रत्येक शब्द दोनदा. ओइकॉस, म्हणजे घर. मग थुरा, दार. मग माईंना खोकला आला, त्यांनी ग्लास ठेवल्याचा आवाज आला. मग क्लेइस, किल्ली. क्लीने, पलंग. कोइमेतेरिऑन, झोपायची खोली. असेच पुढे."

"पण कॉम्प्युटरवर त्या दिवशीचं रेकॉर्डिंग काहीच नाही."

"सर म्हणाले, माई आधी सराव करायच्या. ते खरंय. करायच्या."

इन्स्पेक्टर गप्प राहिला. मग सूनबाईला आठवलं म्हणून ती बोलली, "त्या दिवशी जेवताना माई नाराज होत्या. मी खिशाचं चित्र काढत होते. म्हणाल्या, 'ते चित्र थांबव, त्या शब्दाचं काही खरं नाही.' का, ते नाही सांगितलं."

३

अंत्यविधी झाला. नवऱ्याला निघायला हेलिकॉप्टर मिळत नव्हतं, समुद्र खवळला होता. घरात ती आणि कप्तानकाका. दोघं जेवताना एकमेकांच्या ताटाकडे बघत. काका काही बोलत नसत, आणि तिच्या मनात येई, यांनी? मग तिची तिलाच लाज वाटे. मग पुन्हा मनात येई.

मग एके दिवशी माईंच्या खोलीला पोलिसांनी लावलेली पट्टी निघाली. संध्याकाळ कलली होती. काका फिरायला गेले असतील असं समजून ती टेबलाशी बसली. काम नव्हतंच, पेन्सिलीला टोक करत होती.

बंद दारामागून माई म्हणाल्या, "ओइकॉस. ओइकॉस."

पेन्सिल तिच्या हातातून गळून पडली.

आवाज तोच. थोडा घोगरा, शब्दाचं शेपूट तोडून टाकणारा. लाल दिवा लागलेला नव्हता. तिला पळून जावंसं वाटत होतं आणि खुर्चीतून उठता येत नव्हतं. "थुरा. थुरा." मग खोकला. दोनदा कोरडा, तिसरा ओला. ग्लास टेबलावर ठेवल्याचा आवाज. खुर्चीची कुरकुर. "क्लेइस. क्लेइस."

अंगावर काटा आलेला असतानाच तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं. माणसाला खोकला कधीही येईल. पण थुरानंतरच येईल? दोनदा कोरडा, तिसरा ओला, आणि मग ग्लास? त्या संध्याकाळी तिने हेच ऐकलं होतं. असंच नव्हे, हेच. माई मेल्यानंतर परत आल्या नव्हत्या. त्या संध्याकाळीसुद्धा तिच्याशी दाराआडून माई बोलत नव्हत्या.

आणि त्या वेळी ती इथे, या टेबलाशी, निवांत बसून चित्र रंगवत होती.

दार उघडलं. कप्तानकाका उभे होते. डोळे लाल. त्यांच्या एका हातात माईंचा छोटा स्पीकर होता आणि दुसऱ्या हातात त्याची लोंबणारी वायर.

"तू घरात आहेस होय?" ते म्हणाले.

४

ती चपला न घालताच बाहेर पडली आणि थेट पोलीस ठाण्यात गेली. इन्स्पेक्टरने तिला पाणी दिलं, सगळं ऐकलं, परत एकदा ऐकलं, आणि तिला घेऊनच घरी आला. कप्तानकाका स्वयंपाकघरात बसले होते. त्यांच्यासमोर चहा गार झाला होता.

"तुला भीती वाटली माझी," ते सूनबाईला म्हणाले. "वाटणारच. मला सांगायला हवं होतं."

"स्पीकर कुठे मिळाला?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"कपाटात. नेहमी तिथेच असतो. माझी दुपारची झोप मोडते म्हणून वहिनी तो वापरत नसत, जे काही ऐकायचं ते कानाला लावून ऐकत. मला कानाला लावलेलं सोसत नाही, म्हणून मी काढला."

"आणि ऐकत काय होता?"

काकांनी कप बाजूला सारला. "एक शब्द शोधत होतो. कोशात झोपायच्या खोलीला वहिनींनी कोइमेतेरिऑन लिहिलं होतं. जुन्या लोकांत तो शब्द होता, त्यांचं बरोबरच होतं. पण आजचा ग्रीक माणूस तोच शब्द किमितिरिओ असा म्हणतो, आणि त्याचा अर्थ कबरस्तान. मी ज्या बंदरात सहा महिने अडकलो होतो ना, तिथे गावाबाहेर एक फाटक होतं, उंच सुरूची झाडं, आणि फाटकावर हाच शब्द. माझा एक खलाशी तिथे पुरला आहे. म्हणून मी वहिनींना आदल्या रात्री जेवताना म्हटलं, तुम्ही लोकांना निजायला कबरस्तानात पाठवताय. त्या खूप हसल्या. म्हणाल्या, 'भाऊजी, बरी आठवण केलीत. तिथे थालामॉस घालते, तोही जुनाच आहे आणि कुणाला घाबरवणार नाही.' लगेच कोशात खोडून टाकलं. 'उद्या संध्याकाळी पहिलं तेच रेकॉर्ड करते,' म्हणाल्या."

"मला हे माहीत नव्हतं," सूनबाई म्हणाली.

"तू त्या दिवशी माहेरी गेली होतीस. मला तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकायचा होता. शेवटचा म्हणून. सगळं धुंडाळलं. नाहीये. जुनंच आहे, कोइमेतेरिऑन."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. सूनबाईला तो शब्द आता वेगळाच ऐकू येत होता. दाराआड माई निपचित पडलेल्या, आणि त्यांचाच आवाज त्या खोलीचं नाव सांगत होता, एकदा नव्हे, दोनदा.

"त्यांच्या शिष्याला हा बदल कळला होता?" इन्स्पेक्टरने विचारलं.

"वहिनींनी सांगितला असेल तर. त्या दिवशी त्यांना त्याच्याशी वेगळंच बोलायचं होतं. त्या खिशाबद्दल."

"खिशाबद्दल काय?"

"आजच्या ग्रीकमध्ये खिसा म्हणजे त्सेपी. ते मी सांगितलं. जुन्या लोकांच्या कपड्यांना आपल्यासारखे खिसेच नव्हते, ते पदराच्या घडीत वस्तू खोचत. पण शिष्याने खिशाला एक जुना शब्द आणून दिला. म्हणे एका शिलालेखात आहे. तो शिलालेख त्यानेच पहिल्यांदा वाचलेला, त्याच्यावरच त्याचं विद्यापीठातलं सगळं नाव उभं आहे. वहिनींनी त्याच्याकडे त्या दगडाचा फोटो मागितला होता. महिनाभर मागत होत्या."

५

पट्टशिष्याला दुसऱ्या दिवशी घरी बोलावलं. इस्त्रीचा शर्ट, बारीक फ्रेमचा चष्मा, बोलणं गोड. त्याने आल्या आल्या कप्तानकाकांचा हात हातात घेतला. काकांनी तो हळूच सोडवून घेतला.

"तुम्ही रेकॉर्डिंग साफ करता, म्हणून एक शंका विचारायची होती," इन्स्पेक्टर म्हणाला. "झोपायच्या खोलीला कोशात कोणता जुना शब्द आहे?"

"कोइमेतेरिऑन."

"नक्की?"

"आधार मीच तपासलेत," शिष्य हसला.

"तो माईंनी आदल्या दिवशी बदलला. आता तिथे थालामॉस आहे."

शिष्याचं हसू तोंडावर राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. सूनबाई त्याच्याकडे बघत होती. त्या संध्याकाळी तिच्या टेबलाशी उभा असतानाही तो असाच हसला होता.

"अडचण अशी आहे," इन्स्पेक्टर संथपणे म्हणाला, "की तुम्ही गेल्यावर या ताईंनी ऐकला तो जुना शब्द."

"सवयीने बोलल्या असतील. किंवा..." त्याने चष्मा नाकावर सारखा केला. "किंवा जुनं रेकॉर्डिंग तपासत असतील. स्पीकर लावलेलाच होता."

इन्स्पेक्टर गप्प राहिला.

कप्तानकाकांनी मान वर केली. शिष्य एकेकाच्या तोंडाकडे बघू लागला, आणि आपण काय बोललो हे त्याला कुणी सांगायच्या आधीच त्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला.

"स्पीकर कपाटात असतो," इन्स्पेक्टर म्हणाला. "ताईंनी दार उघडलं तेव्हा कॉम्प्युटरला हेडफोन लावलेला होता. आम्ही आलो तेव्हाही तसाच. मग तो लावलेला तुम्ही कधी पाहिलात?"

"दुपारी. बोलत होतो तेव्हा."

"माई तो वापरत नसत. शेजारी कप्तान झोपलेले असायचे."

"त्या दिवशी वापरला असेल."

"बरं. मग हेडफोन परत कुणी लावला?" इन्स्पेक्टर जरा पुढे वाकला. "मला काय वाटतं ते सांगतो. माईंना त्या संध्याकाळी पहिल्यांदा थालामॉस रेकॉर्ड करायचा होता. तो कुठेच नाही. म्हणजे त्यांनी त्या संध्याकाळी तोंड उघडलंच नाही. ताईंनी ऐकलं ते जुनं रेकॉर्डिंग, खोकल्यासकट. आता ते वाजवून फायदा कुणाचा? कप्तान शेजारच्या खोलीत एकटे. माई जिवंत आहेत असं जितका वेळ वाटेल, तितका त्यांच्यावरचा संशय पक्का. या ताईंचंही तेच. फायदा फक्त त्याचा, जो तो आवाज ऐकवून घराबाहेर पडला. तुम्ही सुरुवातीला मुद्दाम शांत जागा ठेवलीत, म्हणजे बाहेर येऊन ताईंशी गप्पा मारायला वेळ मिळेल. बाहेर येताना लाल दिवा लावलात, म्हणजे दार कुणी उघडणार नाही."

"पण दार उघडलं तेव्हा स्पीकर..." सूनबाईच्या तोंडून निघून गेलं. आणि तिचं तिलाच कळलं. तिने त्या वेळी खोलीत बघितलंच काय होतं? माई बघितल्या होत्या. हेडफोन गुंडाळलेला होता, तो डोळ्यांसमोर. "तो पलंगाच्या पलीकडे असणार," ती हळूच म्हणाली. "बिनतारी. वायर फक्त चार्जिंगची आहे. हेडफोन काढावाच लागत नाही. सर माईंजवळ दोन मिनिटं बसतो म्हणाले, मी काकांना बाहेर नेलं. तेव्हा त्यांनी तो उचलून कपाटात ठेवला असेल."

"म्हणजे हेडफोनचं मी चुकीचं समजलो होतो," इन्स्पेक्टर म्हणाला. त्याला त्याचं काही वाटलेलं दिसलं नाही. "पण स्पीकर होता, हे साहेब स्वतःच सांगून बसलेत. ताईंनी पाहिला नाही, कप्तानांनी पाहिला नाही, नंतर तो कपाटातच मिळाला. लावणारा आणि ठेवणारा, दोघांनाच माहीत. आणि दोघं म्हणजे एकच."

शिष्य खाली बघत राहिला. मग अगदी वर्गात बोलावं तशा आवाजात म्हणाला, "त्या म्हणाल्या, 'संध्याकाळपर्यंत तू स्वतः विद्यापीठाला कळव, नाहीतर मी कळवते.' दगड नाहीच, हे त्यांना कळलं होतं. मी पायही धरले. त्या म्हणाल्या, 'एक शब्द खोटा निघाला की पूर्ण पान खोटं होतं.' मला राग आला. रागाच्या भरात झालं."

कप्तानकाका उठले आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभे राहिले. शिष्याला नेईपर्यंत ते वळले नाहीत.

जाता जाता इन्स्पेक्टर सूनबाईपाशी थांबला. तिला काय विचारायचंय ते त्याला दिसत असावं.

"मी दार उघडलं असतं तर?" तिने विचारलं.

"आवाज सुरू झाला तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय?"

"नाही ताई. मला ते जमत नाही."

६

आठवडा गेला. समुद्र शांत झाला, नवरा घरी आला. एका सकाळी तो आणि काका बाहेर गेले असताना बेल वाजली. दारात एक म्हातारी उभी होती. अंगात धुवट स्वेटर, हातात कापडी पिशवी, दमलेली.

"मी त्याची आई," ती म्हणाली.

सूनबाईला दार लावून घ्यावंसं वाटलं. तिने खुर्ची पुढे केली.

म्हातारी काठावर बसली. पाणी नको म्हणाली. "मी भांडायला आले नाही बाळा. माफी मागायलासुद्धा आले नाही, ती मी कुठल्या तोंडाने मागू. मला एवढंच विचारायचंय. तो तुरुंगात मला सांगतो, रागात हातून झालं, आई, मला भानच नव्हतं. वकीलही तेच म्हणतात. माझं मन म्हणतं, राग कुणालाही येतो. त्याच्या बापालाही यायचा." तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "त्या खोलीतून बाहेर आल्यावर त्याला पहिल्यांदा तू पाहिलंस. कसा होता तो?"

सूनबाईच्या मनात आलं, सांगून टाकावं. कापत होता, घामाघूम झाला होता, नीट बोलता येत नव्हतं. या बाईने तेवढ्यावर उरलेले दिवस काढले असते. तिच्या जिभेवर ते आलंही. पण माईंच्या घरात बसून तिला ते म्हणवेना.

"माझ्या टेबलापाशी उभे राहिले," ती म्हणाली. "माझ्या नवऱ्याची चौकशी केली. तिकडे समुद्रात थंडी असते का, जेवायला काय मिळतं, असं विचारत होते. माझ्या चित्रात किल्लीचे दात उलटे पडले होते, ते त्यांनीच दाखवले. मी खोडून नीट केले. आतून आवाज सुरू होईपर्यंत ते थांबले."

"किती वेळ?"

"बराच."

म्हातारीने बोटाभोवतीचा बंद सोडला. पिशवी मांडीवर सरळ केली, हाताने दोनदा चापून बसवली.

"म्हणजे तो वाट बघत होता," ती म्हणाली.

म्हातारी उठली, भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेली. उंबऱ्यापाशी तिला चप्पल सापडेना. सूनबाईने खाली वाकून ती तिच्या पायांपुढे सरकवली, आणि जिना उतरेपर्यंत तिचा हात धरून ठेवला.